हृदय बघणारा म्हातारा कॅमेरा

मित्रांनो, मला जुना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, त्याची मला लाज नाही. मी एक कॅमेरा आहे. पण माझ्यासमोर केस नीट करून, हसून उभं राहायचं नसतं. माझ्यासमोर आडवं व्हायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि पंधरा मिनिटं जराही हलायचं नाही. मी चेहऱ्याचा फोटो काढत नाही. मी चालू असलेल्या हृदयाचा फोटो काढतो, आणि तोही बहुतेक करून साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या हृदयाचा.

लोक मला गॅमा कॅमेरा म्हणतात. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली फरशी इतकी स्वच्छ होती की कामगार बुटांवर पिशव्या चढवून आत यायचे. मला दोन चपटी डोकी आहेत. प्रत्येक डोक्यात भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा एक स्फटिक आहे. मिठाच्या खड्यासारखा दिसतो, पण तो तयार व्हायला भट्टीत कित्येक आठवडे लागले. त्याच्यापुढं शिशाची जाड पाटी आहे, मधाच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक भोकांची. माझी जोडणी करणाऱ्या बाईनं शेवटचा स्क्रू पिळला आणि कागदावर लिहिलं, ‘थंडी-गरमी एकदम बदलू नये. तडा जाईल.’ माझ्या स्वभावाबद्दल कुणी लिहिलेलं ते पहिलं वाक्य. बाकी माझ्यात नाजूक असं काही नाही. माझं वजन भरलेल्या टेम्पोएवढं आहे.

मला या दवाखान्यात आणलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक भिंत फोडावी लागली. भिंत पुन्हा बांधली, खोलीला फिकट निळा रंग दिला, गारवा यंत्र बसवलं. आणि माझ्या हाताशी चाळिशीला टेकलेली एक तंत्रज्ञ आली. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं एकत्र काढली.

माझं काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत त्यावरच उभी आहे. माणसाच्या हातातल्या शिरेत एक औषध टोचतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि तिथं काही तास टिकून राहतं. त्यातून अगदी थोडे किरण बाहेर पडतात. ते मी टिपतो आणि मोजतो. जिथं रक्त भरपूर पोचलं, तिथं पडद्यावर झगझगीत नारिंगी दिसतं. जिथं कमी पोचलं, तिथं काळपट. निरोगी हृदयाचा काप मला अखंड कड्यासारखा दिसतो.

पण एका फोटोवर भागत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अर्धीअधिक बुजलेली असली, तरी माणूस आरामात पडलेला असताना ती वेळ मारून नेते. कष्टाची वेळ आली की तिचं पितळ उघडं पडतं. म्हणून एक फोटो आरामातला आणि एक कष्टातला, दोन्ही वेळा किरणांचं औषध नव्यानं टोचून. तरुण माणसाला फिरत्या पट्ट्यावर पळवता येतं. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना कसं पळवणार? त्यांना शिरेतून दुसरं एक औषध देतात. त्यानं चांगल्या नळ्या रुंद होतात आणि खराब नळी मागं पडते. त्यासाठी एक दिवस आधीपासून चहा-कॉफी बंद ठेवावी लागते. म्हाताऱ्या माणसांनी मला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या असतील तर त्या या चहापायी.

ती पहिली दहा-बारा वर्षं माझ्या मानाची होती. दारासमोरच्या बाकावर जागा मिळायची नाही. दुसऱ्या दवाखान्यांतले डॉक्टर मला बघायला यायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आत ताई माझी परीक्षा घ्यायची. सगळीकडून सारखे किरण देणारी एक सपाट पाटी माझ्या डोक्यांसमोर धरायची. पडदा सगळीकडे सारखा उजळला, तर मी ठीक. एखादा डाग दिसला, तर त्या दिवशी काम बंद. निकाल ती जाड वहीत तारखेसह लिहायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आनंद होत नाही. एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ माझ्याकडे आले होते. अडुसष्ट वर्षांचे, बोटं सडपातळ, बोलणं कमी. त्यांच्या हृदयाचं कडं मला अखंड दिसलं. आरामात अखंड, कष्टातही अखंड. ‘काळजीचं कारण नाही’ असा अहवाल गेला. पंधरा दिवसांनी ते बागेत फिरताना कोसळले आणि गेले.

नंतर कळलं की त्यांच्या तिन्ही मुख्य नळ्या सारख्याच बुजल्या होत्या. मी एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतो. सगळीकडे सारखंच कमी असेल तर मला सगळं सारखंच दिसतं. ताईनं त्यांचे जुने फोटो पुन्हा उघडून बघितले. कष्टाच्या फोटोत हृदयाची आतली पोकळी आरामातल्यापेक्षा मोठी झाली होती. ती फुगलेली पोकळी मी दाखवली होती. त्या दिवशी ती कुणीच नीट बघितली नव्हती. त्यानंतर माझ्याकडून एकही माणूस असा घरी गेला नाही, ज्याच्या पोकळीचं माप तिनं घेतलं नाही.

हे मी लपवून ठेवू शकलो असतो. पण जो स्वतःची चूक सांगत नाही, त्याच्या खऱ्या कामावर तुम्ही तरी का विश्वास ठेवाल?

मग शेजारच्या मोठ्या खोलीत नवं सीटी यंत्र आलं. पांढरंशुभ्र, गोल, आवाजसुद्धा सुसंस्कृत. ते हृदयाच्या नळ्यांचाच फोटो काढतं, काही सेकंदांत. मी पंधरा मिनिटं मागतो, ते एक श्वास मागतं. लोकांना ते आवडलं तर त्यात नवल नाही. त्याच्याबरोबर एक नवे डॉक्टर आले, चष्मेवाले, हुशार, चालायचे तेही घाईत. त्यांनी माझ्या खोलीत एकदाच डोकावून विचारलं, “हे अजून चालू आहे?”

“आहे,” ताई म्हणाली.

“कशाला?”

ताई वहीत निकाल लिहीत राहिली. महिन्याभरात माझ्याकडची माणसं कमी झाली आणि मग थांबलीच. माझ्यावर एक चादर टाकली गेली. माझ्या लांब पलंगावर फायलींचे खोके आले, पाय मोडलेली एक खुर्ची आली, सलाइनचे वाकडे स्टँड आले. ज्या पलंगावर माणसं जीव मुठीत धरून झोपत होती, त्याची अडगळ झाली. एक दिवस दवाखान्याचे व्यवस्थापक आले आणि गारवा यंत्राकडे बघून म्हणाले, “रिकाम्या खोलीला गारवा कशाला? बंद करा.”

“बंद केलं तर आतला स्फटिक तडकेल,” ताई म्हणाली.

“तडकू दे. कोण येतंय इथं?”

“मी येते,” ती म्हणाली.

व्यवस्थापक हसले आणि गेले. तिनं बटणावर चिकटपट्टी लावली आणि जाड पेनानं लिहिलं, ‘हात लावू नये.’ रोज सकाळी तिची नवी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी ती येत राहिली. चादर बाजूला करायची, पाटी धरायची, वहीत निकाल लिहायची. अकरा आठवडे एकही माणूस नाही, पण वहीत एकाही दिवसाचा खाडा नाही. बाहेरचे कर्मचारी म्हणायचे, ताई रिकाम्या वर्गाची हजेरी घेते. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मीही रोज सारखा उजळलो. एकही डाग नाही. त्यांना वाटत होतं मी झोपलोय.

मग त्या बाई आल्या.

त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं, म्हणून सगळं गाव त्यांना पोहण्याच्या बाई म्हणायचं. बरोबर त्यांचा मुलगा होता, पन्नाशीचा, काळजीनं कपाळाला आठ्या पडलेला. गेले दोन महिने बाईंना एक जिना चढला की दम लागत होता. छातीत दुखत नव्हतं, हात भरून येत नव्हता, नुसता दम. दोन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की हे वयाचं आहे. चष्मेवाल्या डॉक्टरांनी मात्र सीटी केला. त्यांना मी दोष देणार नाही, त्यांनी निदान बघितलं तरी.

पण सीटीत काही कळेना. वय झालं की नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, जसा जुन्या पाइपात क्षार धरतो तसा. बाईंच्या नळ्यांत ते इतकं होतं की सीटीच्या फोटोत सगळं पांढरंफटक चमकत होतं. त्या चमकेआड वाट मोकळी आहे की बंद, हे त्या देखण्या यंत्राला सांगता येईना. माझ्या दाराबाहेरच्या बाकावरच त्यांचं बोलणं झालं, त्यामुळं मी ते ऐकलं.

“नक्की सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या देतो. जिने टाळा. या वयात इतकं चालायचंच.”

“ऐकलंस ना आई?” मुलगा म्हणाला. “आता जरा दमानं घे. वय झालं तुझं.”

“वय झालं ते मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या वाढदिवसाला मीच हजर असते. पण डॉक्टर, मी चाळीस वर्षं पाण्याखाली दुसऱ्यांचे श्वास मोजलेत. पोर दमलंय की बुडतंय, हे मला काठावरून कळायचं. हा दम दमल्याचा नाही.”

तेवढ्यात ताई कागद घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

“डॉक्टर, आपल्याकडे जुना कॅमेरा आहे. कॅल्शियमनं त्याचं काही बिघडत नाही. तो नळी बघतच नाही, स्नायूला रक्त पोचतंय का तेवढं बघतो.”

“तो? त्याच्यावर खोके ठेवलेत.”

“खोके मी उचलते,” ताई म्हणाली.

औषध बाहेरून मागवावं लागलं. ते शिशाच्या जड डबीत येतं आणि सहा तासांत त्याची ताकद निम्मी होते, म्हणून सगळं घड्याळाच्या काट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी खोके गेले, खुर्ची गेली, चादर गेली. बाई आत आल्या. चहा बंद असल्यानं त्यांचा पारा चढलेलाच होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“बराच वयस्क दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“तुमच्याहून लहान आहे,” ताई म्हणाली. बाईंना ते आवडलं. त्या पलंगावर चढल्या आणि हात डोक्यावर नेऊन अशा सरळ पडल्या, जणू पाठीवर तरंगायचं आहे. माझी डोकी त्यांच्याभोवती हळूहळू फिरली. आरामातला फोटो आला. कडं अखंड. मुलानं काचेपलीकडून सुस्कारा सोडला.

बाईंचे गुडघे पट्ट्यावर पळण्याजोगे नव्हते, म्हणून मग कष्टाचं औषध. बाईंचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. डॉक्टर शेजारी उभं राहून नाडी बघत होते. थोड्या वेळानं त्या पुन्हा माझ्यापुढं पडल्या. आणि या वेळी मला कड्याच्या खालच्या बाजूला काळोख दिसला. मोठा घास काढल्यासारखा.

डॉक्टर पडद्यावर वाकले. “हे खरं नसावं,” ते म्हणाले. “खालचा भाग छाती-पोटामधल्या पडद्याआड जातो, तिथं अशी सावली पडते. आणि यंत्र इतके दिवस पडून होतं. एखादा भाग गेला असेल त्याचा. त्या घड्याळवाल्यांच्या वेळीही हा चुकलाच होता, मी ऐकलंय.”

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी काय बोललो असतो, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

ताई शांतपणे उठली. तिनं जाड वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. “अकरा आठवडे. रोज सकाळी. आजचीही आहे. एक डाग दाखवा.”

डॉक्टरांनी पानं उलटली. पुढं, मागं, पुन्हा पुढं.

“आणि घड्याळवाल्यांचं म्हणाल,” तिचा आवाज जरा खाली आला, “तर त्यानं दाखवलं होतं. आपण बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी इथंच बसले होते.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “सावली आहे की खरं आहे, हे ठरवायचा एक मार्ग आहे,” ते म्हणाले. “पालथं झोपवून पुन्हा फोटो घ्यायचा. सावली असेल तर निघून जाईल. किरणांचं औषध अजून टिकून आहे. पण या वयात, अशा गुडघ्यांवर, पंधरा मिनिटं पालथं…”

“राहू द्या,” मुलगा मध्येच बोलला. “तिला अजून त्रास नको. काही निघालं तरी या वयात काय करणार आहात तुम्ही?”

बाई पलंगावर बसून पाय हलवत होत्या. त्या मुलाकडे वळल्या. रागावल्या नाहीत.

“तू घाबरलायस,” त्या म्हणाल्या. “लहानपणी तू तलावाच्या खोल बाजूला यायचा नाहीस, तेव्हा असाच दिसायचास. मी तुला ढकललं नाही कधी. पण मी स्वतः तिकडे जायची थांबलेही नाही. निघालं तर निघू दे. काय करायचं ते मग मी ठरवीन. पण न बघताच माझं संपलं असं कुणी ठरवायचं नाही. तू नाहीस, डॉक्टर नाहीत.”

आणि त्या पालथ्या झाल्या. गुडघ्यांखाली ताईनं दोन उशा दिल्या. पाचव्या मिनिटाला त्यांच्या खांद्यात कळ आली, ती मला त्यांच्या स्नायूंच्या ताणावरून कळली. त्या हलल्या नाहीत. मीही एकोणीस वर्षांत फिरलो नसेन इतकं मन लावून फिरलो. म्हातारं हाड आणि म्हातारं लोखंड, दोघांनी पंधरा मिनिटं दातावर दात ठेवून काढली.

काळोख तिथंच होता. घास तेवढाच, कडा तेवढ्याच स्पष्ट. ताईनं सवयीप्रमाणे पोकळीचं माप घेतलं, ते वाढलं नव्हतं. म्हणजे दुखणं एकाच नळीचं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ते बाईंच्या समोर बसले. “बाई, तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “हा दम दमल्याचा नाही.”

दोन दिवसांनी मनगटातून बारीक नळी घालून त्यांची तपासणी झाली. हृदयाच्या खालच्या बाजूला रक्त नेणारी नळी जवळजवळ बंद होती, उरली होती ती दोऱ्याएवढी वाट. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून बघायचं की नळी उघडायची, दोन्ही पर्याय बाईंपुढं ठेवले. बाईंनी नळी उघडायला सांगितलं. तिथं एक जाळी बसवली. तेव्हा मुलगा माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर एकटाच बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. सगळं नीट झालं हे सांगायला ताईच बाहेर गेली. तेव्हा कुठं त्याचे हात मोकळे झाले.

दीड महिन्यानं बाई पुन्हा तपासणीला आल्या. लिफ्ट सोडून जिन्यानं आल्या, आणि मुलगा मागून धापा टाकत. डॉक्टर म्हणाले, “बाई, आता कसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “तुमचा जिना फार उंच नाही.” तलावाच्या उथळ बाजूला त्यांनी सत्तरीच्या पुढच्या बायकांचा वर्ग सुरू केला होता. ‘आधी मला विचारायला हवं होतं,’ असं डॉक्टर म्हणाले, तर बाई म्हणाल्या, “आता विचारते.”

त्यानंतर माझ्यावर चादर पडली नाही. कॅल्शियममुळं ज्यांचा सीटी वाचता येत नाही, ज्यांची पावलं पट्ट्यावर टिकत नाहीत, अशांना डॉक्टर स्वतः माझ्याकडे आणू लागले. सकाळच्या परीक्षेला तेही कधी कधी उभे राहतात. माझ्यात आणि शेजारच्या गोऱ्या-गोमट्या यंत्रात आता भांडण नाही. त्याला वाट दिसते, मला त्या वाटेनं काही पोचलं का ते दिसतं. दोन्ही लागतं.

पण गोड शेवट ऐकायला बसला असाल तर थांबा. माझे सुटे भाग बनवणारं कुणी आता उरलेलं नाही. वर्षअखेरीस मला सुटं करून नेणार आहेत. भिंत पुन्हा फुटेल, जशी मी येताना फुटली होती. ताईसुद्धा त्याच महिन्यात निवृत्त होते आहे. येणारा नवा कॅमेरा माझ्याहून चपळ आहे असं ऐकतो. असू दे, आनंदच आहे. मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. माझी कीव करू नका, मला संग्रहालयात ठेवा असंही म्हणत नाही.

मागतो ते एवढंच. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील. ते एखाद्या दिवशी म्हणतील, जिना चढवत नाही, पिशवी जड वाटते, दम लागतो. तेव्हा घरातलं कुणीतरी पटकन म्हणेल, वय झालं. तुम्ही लहान असलात तरी तिथं उभे राहा आणि विचारा, “बघितलंत का?” उद्धट म्हणाले तर म्हणू द्या. वय हा काही आजार नाही, आणि ते तपासणी टाळायचं निमित्त तर मुळीच नाही. यंत्राची देखभाल करता, रोज परीक्षा घेता, वहीत लिहिता. माणसाच्या तक्रारीची निदान तेवढी तरी नोंद घ्या.

आता मला जास्त बोलायला वेळ नाही. दार उघडलंय. आज त्र्याऐंशी वर्षांचे एक क्रेनचालक आलेत, काठी टेकत, चहा नाही म्हणून वैतागलेले. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलंय आणि ताईला विचारलंय, “ह्याला अजून दिसतं का?”

“झोपा,” ताई म्हणाली. “आणि हलू नका.”